शाळा कुठाय?

जगन्नाथ शेलारांना अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांनी दोनच कामं मनापासून केली. एक म्हणजे नात आन्याच्या मागे लागून तिच्याकडून 'ळ' म्हणवून घेणं, आणि दुसरं म्हणजे मोतालेबभाईंबरोबर मॉलमध्ये फेऱ्या मारणं. पहिल्या कामात सपशेल नापास, दुसऱ्यात पहिला नंबर.

आन्याचं काय सांगावं! पोरगी बावीस वर्षांची, जन्म इथलाच, सार्वजनिक लायब्ररीत नोकरीला, आणि वर दर रविवारी मराठी मंडळाच्या शाळेत चिमुरड्यांना मराठी शिकवायची. शिकवायची ती मराठीच, पण बाई स्वतः 'शाळा'ला 'शाला' म्हणायची, 'केळं'ला 'केलं'. शेलार, म्हणजे तिचे आबा, म्हणायचे, अगं, जीभ टाळ्याला लाव आणि सोड. ती लावायची, सोडायची, आणि बाहेर पडायचा तो 'ल'च. तिची आई सुलेखा वैतागून म्हणायची, आबा, सोडा आता, तिच्या तोंडाला तो साचाच नाही. पण आबा पलटणीतले गडी. त्यांना सोडणं ठाऊकच नव्हतं.

मोतालेबभाई भेटले ते मॉलमध्ये. इथे हिवाळ्यात बाहेर चालायची सोय नाही, म्हणून दुकानं उघडायच्या आधी मॉलचे दरवाजे चालणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी उघडतात. पहिल्या हिवाळ्यात आबा तिथे एकटेच बंद दुकानांतले कपड्यांचे पुतळे बघत फिरायचे, आणि कुणाशी एक शब्द बोलायची सोय नव्हती. बायको जाऊन सहा महिने झाले होते, घर विकलं होतं, आणि दिवसभर घरात कुणी नसायचं. एके दिवशी मागून आवाज आला, "इंडिया?" वळून पाहिलं तर लोकरीची टोपी, पांढरी दाढी आणि बूट घातलेला मोठ्या हसऱ्या तोंडाचा माणूस. मोतालेब मिया. बांगलादेशातले निवृत्त पोस्टमास्तर, मुलाकडे राहायला आलेले.

तेव्हापासून रोज सकाळी दहा फेऱ्या आणि त्यानंतर एका बाकावर थर्मासातला चहा. भाषा म्हणाल तर हिंदीच्या नावाखाली दोघेही जे काही बोलायचे ते ऐकून कुणी हिंदीवाला रडला असता. मोतालेबभाई सगळ्या 'स'चा 'श' करायचे. 'शोब ठीक, जगोन्नाथ भाई?' अशी त्यांची सुरुवात. आबा त्यांची नक्कल करायचे आणि ते आबांच्या 'मेरेको-तेरेको'ची. गुडघे, सुना, जावई, मधुमेह, सगळं बोलून व्हायचं. खरं सांगायचं तर इतकं बरं आबांना साताऱ्यातही वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्यांनी मोतालेबभाईंना कधी सांगितली नव्हती, आणि नेमकी तीच आता सांगायची वेळ आली.

झालं असं की आन्याच्या लायब्ररीत एक कार्यक्रम ठरला. युद्धात विमानातून उडी मारलेल्या माणसांनी येऊन आपली हकिगत सांगायची, ती रेकॉर्ड करून कायमची जपून ठेवायची. दोन अमेरिकन मिळाले होते. तिसरे म्हणून आन्याने मोठ्या तोऱ्यात आबांचं नाव दिलं. का देऊ नये? एकाहत्तरच्या डिसेंबरात आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ मराठा पॅराच्या पलटणीबरोबर उडी मारलेला माणूस तिच्या घरात, समोरच्या खोलीत झोपत होता. शिवाय आबांनी एकट्याने शत्रूचे सात सैनिक पकडले होते. त्याचं शाबासकीचं पत्र चौकटीत बसवून सुलेखाने दिवाणखान्यात लावलं होतं. 'शत्रूचा अचूक माग काढून' असे शब्द होते त्यात.

त्या 'अचूक माग' या शब्दांनी आबांना पन्नासच्या वर वर्षं छळलं होतं. कारण माग वगैरे त्यांनी काही काढला नव्हता. आणि त्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती पत्रातही नव्हती आणि घरात कुणाला माहीतही नव्हती. आता ती लपवली, तर आन्याच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये खोटं बोलणं कायमचं राहणार. सांगितली, तर पहिल्या रांगेत मोतालेबभाई बसलेले असणार, कारण आन्याने त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. हा एवढा एक माणूस मिळाला या गावात, आणि तोही उठून गेला तर? 

शेवटी त्यांनी ठरवलं, जायचा असेल तर माणसाने घरातून जावं, चारचौघांतून नको. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी त्यांनी मोतालेबभाईंना घरी चहाला बोलावलं. सुलेखाने पोहे केले, लिंबू पिळलं, आणि दोघा म्हाताऱ्यांना बसवून ती वर कपड्यांच्या घड्या करायला गेली. आबांनी दोन घास खाल्ले, बशी बाजूला ठेवली आणि सुरुवात केली.

उडी म्हणजे लोकांना वाटतं, छान रांगेत छत्र्या उघडतात आणि सगळे फुलासारखे खाली येतात. कसलं काय! हिरवा दिवा लागला आणि आबांच्या पुढच्या गड्याच्या पिशवीचा पट्टा दारात अडकला. तो सुटेपर्यंत पाच-सात सेकंद गेले. जमिनीवर पाच-सात सेकंद म्हणजे शिंक यायला लागतात तेवढे, पण विमानात तेवढ्यात चार शेतं आणि एक तळं मागे पडतं. आबा बाहेर पडले तेव्हा खाली ठरलेलं मैदान नव्हतंच. वरून बघितलं तर शेकडो छत्र्या, ज्या वाऱ्याने जमेल तिकडे निघालेल्या. कंपनीचे साहेब एका गावात, त्यांचा वायरलेस दुसऱ्या गावात, आणि दारूगोळ्याची एक पेटी कुणाच्या तरी गोठ्यावर. आबा स्वतः तळ्यात पडले. गळ्यापर्यंत पाणी, वर जलपर्णीचा थर, आणि त्याच्यावर पसरलेली त्यांचीच छत्री. आत काळोख. आपण इथेच जाणार, एकही गोळी न झाडता, एका बेडकासारखे, असं त्यांना त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं होतं.

कसेबसे काठाला लागले. आजूबाजूला पलटणीतलं चिटपाखरू नाही. लांबून कुणाच्या तरी शिट्ट्या ऐकू यायच्या, पण त्या चारी दिशांनी. हुकूम एकच होता, कुणी कुठेही पडो, गावच्या शाळेपाशी जमायचं. दिवस बुडायला आला होता. बांधावरून एक म्हातारा येताना दिसला. लुंगी, खांद्यावर तांबड्या चौकड्यांचा गमछा. आबा धावत त्याच्याकडे गेले आणि त्याला विचारलं, स्कूल कुठे आहे?

हे सगळं आबा मोतालेबभाईंना हिंदीतून सांगत होते. 'मैंने पूछा, स्कूल किधर है,' असं, आणि पुढे म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्दही त्यांनी 'स्कूल' असाच सांगितला. हे ध्यानात ठेवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याचे डोळे लकाकले. शाळा, शाळा, असं काहीतरी तोही पुटपुटला, आणि आबांचं मनगट धरून जवळजवळ पळतच निघाला. आबांचा जीव भांड्यात पडला. बांधावरून, केळीच्या बागेतून, एका ओढ्यातून त्याने त्यांना मैलभर नेलं. शेवटी एका पडक्या वीटभट्टीपाशी तो थांबला, वाकला आणि भिंतीच्या भगदाडातून आत बोट दाखवून म्हणाला, शाळा! आबांनी आत पाहिलं. आत सात पाकिस्तानी सैनिक बूट काढून बसले होते. हंडीत काहीतरी शिजत होतं आणि बंदुका भिंतीला टेकवलेल्या होत्या.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. हातात भिजलेली स्टेनगन, चालेल की नाही देवाला ठाऊक. मागे फिरावं तर पायाखाली विटा खडखडल्या आणि सातही तोंडं वळली. मग त्यांनी जे केलं ते शौर्य नव्हतं, निव्वळ घबराट होती. ते बेंबीच्या देठापासून ओरडले, की पहिली तुकडी डावीकडून, दुसरी उजवीकडून, एकालाही सोडू नका! तुकडी कसली? तिथे ते होते आणि तो म्हातारा होता. पण आतल्या बिचाऱ्यांनी तासापूर्वी आभाळ छत्र्यांनी भरलेलं पाहिलं होतं. त्यांनी हात वर केले.

आणि त्यानंतरची गोष्ट. ती सांगताना आबांनी मान खाली घातली. म्हातारा शेजारी उभा राहून अजून आत बोट दाखवत होता, शाळा, शाळा, आणि वर हसत होता. आबांच्या डोक्यात एकच आलं, की याने मला मुद्दाम इथे आणलं. मला एकट्याला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं आणि वर थट्टा करतोय, की ही घे तुझी शाळा. त्यांनी फिरून म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली. जोरात. म्हातारा भिंतीवर आपटला. मग उठला, गालाला हात लावला. खांद्यावरचा गमछा काढला, उभा फाडला, आणि त्याच्या पट्ट्यांनी त्या सैनिकांचे हात बांधायला आबांना मदत केली. आवाज ऐकून पलटणीतले चार जण येईपर्यंत तो थांबला. आणि मग अंधारात निघून गेला, तसाच, गमछ्याशिवाय. त्याचं नाव काय, तो दगाबाज होता की वेडा होता, आबांना कधी कळलं नाही. पाच दिवसांनी ढाका पडलं आणि सगळं मागे राहिलं.

 पोहे थंड होऊन गेले. मग मोतालेबभाईंनी विचारलं, केवढा होता तो? आबा म्हणाले, तुम्ही-आम्ही आत्ता आहोत तेवढा.

"उश शाल हमारे बूढ़ों को शोबने मारा, जगोन्नाथ भाई," मोतालेबभाई हळूच म्हणाले. "तुमने भी."

ते रागावले असते तर आबांना सोपं गेलं असतं. पण ते रागावले नाहीत, नुसते एकदम म्हातारे दिसायला लागले. टोपी उचलली, मुलगा वाट बघत असेल म्हणाले आणि दाराकडे निघाले. आबा मागोमाग गेले.  बुटांच्या रॅकपाशी मोतालेबभाई वाकून बुटाच्या नाड्या बांधत होते. तीन वर्षांचा चहा, फेऱ्या, हसणं, सगळं त्या नाड्यांत संपत आलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून धडधडत आन्या उतरली. खांद्यावर पिशवी, हातात चिमुरड्यांसाठी कापलेली पुठ्ठ्याची अक्षरं. उशीर झालेला.

"आबा, मी शालेत चालले!"

ती दार उघडून बाहेर पडलीसुद्धा. पण मोतालेबभाईंचा हात नाडीवरच थांबला. त्यांनी मान वर करून विचारलं, ही कुठे गेली म्हणाली? आबा ओशाळून म्हणाले, शाळेत, स्कूल. तिला ळ म्हणता येत नाही. मोतालेबभाईंनी विचारलं, तुम्ही लोक स्कूलला शाला म्हणता? आबांना या वेळीही राहवलं नाही. शाला नाही, शाळा, त्यांनी दुरुस्त केलं. पण बंगाली कानाला ळ कुठला ऐकू यायला!

मोतालेबभाई उभे राहिले. एका पायात बूट, एक पाय तसाच.

"उश बूढ़े को तुम क्या बोला था? हिंदी नहीं. उश दिन जो बोला था, वही बोलो."

आबांनी डोळे मिटले. भिजलेले कपडे, दातांवर दात, हातात बंदूक.

"शाळा कुठाय?"

मोतालेबभाई त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची दाढी हलायला लागली. मग खांदे. आणि मग ते सरळ खाली बुटांच्या शेजारी बसले आणि इतके हसले, इतके हसले, की सुलेखा घडीचा टॉवेल हातात घेऊन धावत खाली आली. तिला वाटलं कुणाला तरी झटका आला.

अर्ध्याअधिक हसण्यातून जे बाहेर पडलं ते असं. बंगालीत शाला म्हणजे बायकोचा भाऊ. आणि दात-ओठ खाऊन म्हटलं तर शिवी. तुमच्या हिंदीतला साला, तोच आमचा शाला. शाळेला आम्ही इस्कूल म्हणतो, आणि तुमच्या 'कुठाय'ला आमचा शब्द 'कोथाय'. तुम्ही निदान पाठशाला म्हणाला असतात तरी तो समजला असता. पण चिखलाने माखलेला, हातात बंदूक घेतलेला, डोळे लाल झालेला सैनिक आभाळातून पडतो आणि विचारतो, शाला कुठाय? आता त्या म्हाताऱ्याने काय समजावं? की हा विचारतोय, साले कुठे आहेत? तर ते कुठे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गावात आठ महिने त्यांनी छळ मांडला होता. म्हणून तर त्याचे डोळे लकाकले! मनगट धरून नेलं, भगदाडातून दाखवलं, हे बघ, शाला! तुला हवे होते ना? मोजून सात!

आबा भिंतीला टेकून उभे होते. तीन वर्षं ते मोतालेबभाईंच्या 'श'ची नक्कल करत होते आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आधी त्यांना हसू आलं, मोठ्याने आलं. मोतालेबभाई डोळे पुसत म्हणाले, तुम्ही थोबाडीत मारल्यावर त्याला वाटलं असेल, सातच दाखवले म्हणून हा चिडला. त्यावर दोघे पुन्हा हसले. सुलेखाही हसली, काय झालं ते नीट न कळता.

आणि मग आबांचं हसणं अर्ध्यातच तुटलं. म्हणजे तो माणूस दगाबाज नव्हता, थट्टाही करत नव्हता. जे मागितलं तेच त्याने आणून दिलं होतं, जिवावर उदार होऊन, आणि बक्षीस म्हणून मार खाल्ला होता. आणि तरी गमछा फाडून दिला. आबा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मोतालेबभाई सरकत त्यांच्याजवळ आले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, एका पायात बूट तसाच.

पुढचे सहा दिवस आबांची गडबड विचारू नका. एका संध्याकाळी त्यांनी आन्याला तासभर गाडी चालवायला लावून डेट्रॉइटकडच्या बंगाली वस्तीतल्या दुकानात नेलं. काय घ्यायचंय ते विचारलं तर म्हणे, बघशील. मॉलमधल्या फेऱ्या दहाच्या आठ झाल्या, कारण उरलेल्या वेळात मोतालेबभाई त्यांना एक बंगाली वाक्य शिकवत होते आणि आबांच्या जिभेला ते वळत नव्हतं. आन्याला हे कळलं तेव्हा तिला जो आनंद झाला तो शत्रूलाही होऊ नये.

शनिवारी दुपारी लायब्ररीतला हॉल भरला होता. आबा मराठीतून बोलले आणि आन्या शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत गेली. तळं, जलपर्णी, चारी दिशांच्या शिट्ट्या. आधी बोलून गेलेले दोन अमेरिकन मान डोलावत होते. त्यांतला एक तर म्हणाला, आपल्यालाही ठरल्या जागी पडलेला माणूस आयुष्यात भेटलेला नाही. मग आबांनी शाबासकीच्या पत्राचं खरं-खोटं केलं. मी माग काढला नाही, मी शाळा विचारत होतो, असं म्हणाले, आणि शाळेचा शाला कसा झाला ते सांगितलं. हॉल खो-खो हसला. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग थोबाडीत मारल्याचं सांगितलं. सगळं. भिंतीवर आपटल्याचं, गालावर हात ठेवल्याचं, गमछा फाडल्याचं. आन्याने शब्द न शब्द भाषांतर केलं.

मग आबा माईक सोडून खाली उतरले, पहिल्या रांगेतल्या मोतालेबभाईंसमोर उभे राहिले आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हणाले. "आमाके माफ कोरबेन, चाचा." खिशातून नवा कोरा गमछा काढला, तांबड्या चौकड्यांचा, आणि तो त्यांच्या हातात दिला. मराठीतच म्हणाले, हा त्यांचा आहे, ते आता नसतील, तर तुम्ही ठेवा.

मोतालेबभाई उठले. गमछा झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. मग उजवा हात वर उचलला, चांगला वरपर्यंत. तो हात खाली आला आणि आबांच्या गालावर अलगद टेकला, आणि तिथेच राहिला.

"शाला," मोतालेबभाई म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सोमवारी पुन्हा दहा फेऱ्या झाल्या. मोतालेबभाई भर मॉलमध्ये कोटावर गमछा टाकून आले होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी आन्या रेकॉर्डिंग ऐकत ते मराठीत टाइप करत बसली होती. मध्येच थांबून तिने विचारलं, आबा, तुम्ही त्या आजोबांना विचारलंत ना, त्यात ळ लिहू की ल?

आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

"मी विचारलं तिथे ळ लिही," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं तिथे ल. दोघांचंही बरोबर होतं."